खिडकीपलीकडे घेतलेलं नाव

मुलगी ज्या देशात राहते त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नावावरून आमच्या घरी पुरेसं रामायण होऊन गेलं आहे. एवढं पुरे की तो देश लांब आहे, तिथे जायला व्हिसा लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे मुंबईत एका काचेच्या खिडकीपलीकडे बसलेलं माणूस चार-पाच मिनिटांत ठरवतं. मुलीला पाचवा महिना लागला होता. डॉक्टरांनी विमानाचा प्रवास बंद केला होता, तेव्हा लेकीने माहेरी यायच्या ऐवजी आईनेच तिकडे जायचं असं आम्ही ठरवलं.

हे आमचं पहिलं नातवंड म्हणायचं की दुसरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीही तिला दिवस राहिले होते. तेव्हा आम्ही नवरा-बायकोने मिळून अर्ज केला आणि दोघांनाही नकार आला. त्यानंतर महिन्याभराने तिचं मूल पोटातच गेलं. तिकडे दवाखान्यात जावई होता. बाकी आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. ही फोन कानाला लावून दोन दिवस स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. मुलगी बोलत नव्हती, हीही बोलत नव्हती, नुसता फोन चालू होता. मी एकदा म्हटलं, ठेव आता, तर माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. म्हणून या वेळी काहीही झालं तरी ती लेकीजवळ पोचायला हवी होती.

मागचा नकार का आला ते कोणी सांगितलं नाही. छापील कागद हातात देतात आणि पुढच्याला बोलावतात. पण मी तीस वर्षं बुऱ्हाणपुरात कचेरीत आवक-जावकचा बाबू होतो. कागद कुठे अडला हे मला न सांगता कळतं, निदान तसा माझा समज आहे. त्या दिवशी आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. साहेबाने हिला विचारलं, सोबत कोण आहेत? ही म्हणाली, मिस्टर. त्यांचं नाव काय? ही माझ्याकडे बघायला लागली. मी नाव सांगितलं. साहेब म्हणाला, त्यांना सांगू द्या. हिने पदर सावरला, खाली पाहिलं आणि उभी राहिली. शेवटपर्यंत बोलली नाही. बाईला सोबतच्या नवऱ्याचं नाव सांगता येत नाही म्हटल्यावर त्या साहेबाने काय समजायचं? मी त्याच्या जागी असतो तर मीही अर्ज परत केला असता.

ही नवऱ्याचं नाव घेत नाही. तापीकाठच्या खेड्यांतून आलेल्या, हिच्या वयाच्या कितीतरी बायका घेत नाहीत. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं त्यांच्या मनात लहानपणीच बसलेलं असतं. उखाण्यात घेतलेलं तेवढं चालतं. तसं हिने तीनदा घेतलं: लग्नात उंबऱ्यावर, डोहाळजेवणात आणि बुऱ्हाणपूरच्या लालबागेत घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला. तिसरा उखाणा मला पाठ आहे. "तापीच्या काठावर केळीची बाग, अमुकरावांना येतो लगेच राग." बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. मला खरंच राग आला होता, म्हणजे उखाणा खरा ठरला.

एरवी तिने सगळं निभावून नेलं. बँकेत पासबुक पुढे करते. रेशनच्या दुकानात शेजारीण हिच्या नवऱ्याचं नाव सांगते आणि ही शेजारणीच्या. मला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात हिने माझं आधार कार्ड टेबलावर आपटलं आणि म्हणाली, वाचून घ्या. माझं नाव देवाचं आहे आणि आरतीत एका ठिकाणी येतं. तिथे ही नुसती टाळी वाजवते आणि पुढच्या शब्दावर पुन्हा सूर धरते. छत्तीस वर्षं मी शेजारी उभा राहून ती रिकामी जागा ऐकली आहे.

आता खरं सांगतो. ती जागा मला पूर्वी खटकत नव्हती. आई होती, थोरली बहीण होती. दोघी मला नावाने हाक मारायच्या, तेही अर्धं तोडून. आई गेली. मग बहीण गेली. कचेरीत मी बडे बाबू होतो, गल्लीत बाबूजी आहे, नात्यात कुणाचा काका आणि कुणाचा मामा. एक दिवस वीज बिल हातात घेऊन बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की माझं नाव आता फक्त कागदावर आहे. जिवंत माणसाच्या तोंडून ते ऐकून बरीच वर्षं झाली होती. ज्या एका माणसाने ते घ्यावं असं वाटत होतं, ते माणूस रोज समोर बसून भाकरी थापत होतं. म्हाताऱ्याने असली हौस बोलून दाखवायची नसते, म्हणून मी बोललो नाही.

या वेळचा फॉर्म भरायला आम्ही बुधवारा मोहल्ल्यातल्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथल्या बाई पासपोर्ट, व्हिसा, पेन्शनचे हयातीचे दाखले, सगळं करतात. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, दोघं मिळून नका जाऊ. एक जण घरी राहिला ना, तर त्यांना भरोसा वाटते का बाई वापस येईन."

"म्हणजे घर गहाण ठेवतात तसा मी नवरा गहाण," मी म्हटलं.

"तसंच समजा," बाई म्हणाल्या आणि पुढचा रकाना विचारला.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. मुलीला मी पाच वर्षं पाहिलं नव्हतं. फोनच्या पडद्यावर तिचं तोंड दिसतं, पण तिच्या डोक्यावर हात ठेवता येत नाही. बाळंतपणात बापाचं काय काम, असं मी स्वतःला समजावलं. परतीच्या वाटेवर हिने अळीव, डिंक आणि खारका घेतल्या. मुलीला इथल्या मिठाईतला दराबा आवडतो म्हणून तोही घेणार होती; महिन्याभरात खराब होईल म्हणून परत ठेवला. व्हिसाचा पत्ता नव्हता आणि हिचं बाळंतविड्याचं सामान सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तालीम घ्यायला लागलो. पुढच्या खोलीला ओट्यावर उघडणारी खिडकी आहे. जेवणं झाली की मी आत खुर्ची टाकून बसायचो, नाकावर चष्मा, पुढे फाइल. ही बाहेर ओट्यावर उन्हात खिडकीच्या गजांपाशी उभी राहायची. मी साहेब आणि ती अर्जदार. पहिल्याच दिवशी समोरच्या वहिनी धावत आल्या. त्यांना वाटलं मी बायकोला घराबाहेर काढलं.

"कशासाठी जाताय?"

"लेकीचं बाळंतपण करायले."

"परत कधी येणार?"

"बाळ तीन महिन्याचं झालं का."

"परत का येणार?"

"घर हाये. तुळशीले पाणी कोण घालीन?"

"तुळस हे कारण चालत नाही," मी म्हणायचो. "माझे पती इथे आहेत असं सांगायचं."

"ते तं दिसूनच रायले," ती म्हणायची.

तेवढ्यापुरतं मी हसायचो आणि पुढचा प्रश्न विचारायचो: पतीचं नाव? की बाई गप्प. गजाला धरून रस्त्याकडे बघायची. मी रागवायचो. म्हणायचो, अगं, तिथे समोरच्याला वाटणार तुला नवऱ्याचं नाव माहीत नाही. मग चिडवायचो. म्हणायचो, उखाणा घे तिथे, साहेबाला आवडेल. मग समजूत घालायचो. एकदा तर मी आवाज चढवून म्हटलं, मागच्या वेळी तुझ्या या हट्टापायी काय झालं ते विसरलीस का. असं बोलायला नको होतं. ते बोलणं चुकीचं होतं आणि कदाचित खोटंही. नकार कशामुळे आला ते मला काय माहीत? ती आत गेली आणि अळीव निवडत बसली. त्या दिवशी चहा मीच केला. तो तिने घेतलाही, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी ती ओट्यावर गेलीच नाही. आत आली आणि माझ्यासमोर खाली बसली. म्हणाली, "एक गोष्ट सांगते. मग म्हणा हट्ट."

ती नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. तिचं माहेर शाहपूरच्या पुढे, केळीच्या बागांतलं. तिच्या वडिलांना जोराचा ताप भरला आणि बैलगाडीत घालून बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात आणलं. चुलते बैल सोडायला गेले होते. कंपाउंडर म्हणाला, नाव सांगितल्याशिवाय चिठ्ठी करत नाही. आई कितीतरी वेळ पदर चावत उभी राहिली. वडील बाकड्यावर कण्हत होते. मग आईने नाव घेतलं. ही तिचा पदर धरून शेजारीच उभी होती; तिने ते ऐकलं. वडील तिसऱ्या दिवशी गेले.

"ताप होता त्यांना," मी म्हटलं. "नावाने कोणी मरत नाही."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "मी शिकलेली हाये आठवीपर्यंत. पण आई मरेपर्यंत म्हणत रायली का मीच मारलं. तुमचं नाव तोंडाशी आलं का मले तो बाक दिसते."

छत्तीस वर्षांत हे मला तिने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. आरतीतल्या त्या रिकाम्या जागेला मी अडाणीपणा समजत होतो. मनातल्या मनात थोडा अपमानही समजत होतो. ती मात्र रोज तिथे मला वाचवत होती. मला इतकी लाज वाटली की मी फाइल बंद केली आणि म्हटलं, राहू दे. पासपोर्टवर पतीचं नाव छापलेलं आहे. विचारलं तर त्यावर बोट ठेव. मुकी समजले तर समजू देत.

तिने मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तीच ओट्यावर जाऊन उभी राहिली. मी बाकीचे प्रश्न विचारले. तो एक प्रश्न आम्ही दोघांनी गाळला.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी आम्ही मुंबईत पोचलो. त्या दिवशी बोटांचे ठसे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेसायला लग्नातली नाही, रोजचीही नाही, अशी मधली साडी काढली. वकिलातीच्या दारात आम्ही वेगळे झालो. आत फोन चालत नाही, पिशवी चालत नाही, नवराही चालत नाही. तिच्या हातात नुसती फाइल होती. रांगेत तिच्या पुढे-मागे इंग्रजी बोलणारी माणसं होती आणि ती त्यांच्यात एवढीशी दिसत होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की चल परत, नको काही. पण मुलीचा तो चालू राहिलेला फोन आठवला आणि मी हात हलवला.

समोरच्या फुटपाथवर तिचा फोन, तिची पिशवी आणि मेथीच्या पोळ्यांचा डबा घेऊन मी दोन तास उभा होतो. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत होतो. ज्यांना नकार येतो त्यांचा पासपोर्ट तिथल्या तिथे परत देतात. मंजूर झाला तर ठेवून घेतात. हे मला मागच्या वेळेपासून पक्कं माहीत आहे.

ती बाहेर आली तेव्हा हातात फक्त फाइल होती. मी रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. मी म्हणालो, "झालं ना? झालं ना?" ती माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत होती. मग भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. आयुष्यात कधी चारचौघांत माझा हातसुद्धा न धरलेली बाई.

"तुम्ही बरे हाये ना?" ती म्हणाली. "चक्कर गिक्कर नाही ना आली?"

तेव्हा मला कळलं की तिने नाव घेतलं.

मग पोळी खाता खाता तिने थोडं थोडं सांगितलं. खिडकीत बाई होती, आपल्या मुलीएवढी, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. लेक कुठे, कितवा महिना, किती दिवस राहणार. सोबत कोण जाणार? कोणी नाही. पती का नाही येत? घर सांभाळतात. पतीचं नाव?

"बोट नाही का ठेवलंस?"

"पासपोर्ट तिनं पहिलेच आत घेतला. मी वाट पाहिली का ती वाचीन. तिनं नाही वाचलं. माझ्याकडंच पाहून रायली."

"मग?"

"मग लेकीचं तोंड डोळ्यासमोर आणलं आणि घेतलं. हळू घेतलं. काचेपलीकडं गेलंच नाही. ती बाई म्हणे, जोर से बोलिए." तिने पोळीचा तुकडा मोडला. "दोनदा घ्यावं लागलं हो."

असं ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. मी म्हणालो, हे बघ, धडधाकट आहे मी, दुसरी पोळी दे. तिने दिली. व्हिसा मिळाला होता, लेकीजवळ ती जाणार होती, आणि आम्ही दोघं कुणाचं तरी वाईट झाल्यासारखे बसलो होतो.

परतीच्या गाडीत भुसावळ मागे पडल्यावर मी न राहवून बोललो. म्हटलं, "त्या परक्या बाईने ऐकलं. रांगेतल्या लोकांनी ऐकलं. एकदा मलाही ऐकू दे की."

ती खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत होती. रागावली नाही. म्हणाली, "लेकीसाठी घेतलं. हौसेसाठी कायले घेऊ?"

 पण माझं नाव तिच्या आवाजात कसं लागलं असेल, हे मी आजही मनात ऐकायचा प्रयत्न करतो. शेवटचं अक्षर तिने लांबवलं असेल का? दुसऱ्यांदा घेताना आवाज चढला असेल, म्हणजे मला लांबून हाक मारल्यासारखा झाला असेल. मी तेव्हा समोरच्या फुटपाथवर पोळ्यांचा डबा धरून उभा होतो.

आता तिला जाऊन चार महिने होत आले. नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. ही रोज तिला न्हाऊमाखू घालते आणि फोनवर दाखवते. मुलगी हसते. तिला तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. मला नात मांडीवर घ्यावीशी वाटते, मुलीच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटतो, आणि सगळ्यात जास्त वाटतं की ही घरात असावी. हे लिहायला लाज वाटते, पण मला तिची फार आठवण येते. संध्याकाळी दिवा लावून मी एकटाच आरती म्हणतो. माझ्या नावाच्या जागेवर आलो की आपोआप थांबतो आणि टाळी वाजवतो.

आणि एक नवीनच जबाबदारी अंगावर येऊन पडली आहे. मला आता मरायची सोय राहिलेली नाही. उद्या मला काही झालं, तर डॉक्टर काहीही म्हणोत, ती काय समजेल ते मला ठाऊक आहे. सासूबाई ज्या ओझ्याखाली जगल्या ते मी हिच्या डोक्यावर ठेवणार नाही. म्हणून जन्मात कधी न चालणारा मी सकाळी उठून स्टेशनपर्यंत चालून येतो. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो. भाजीत तेल कमी घालतो. गल्लीतले लोक म्हणतात, बायको गेली आणि बाबूजींना जवानी आली. म्हणू देत.

मागच्या आठवड्यात ताप आला. चांगला सणसणून आला. शेजारच्यांनी डॉक्टरकडे नेलं, औषध सुरू केलं. सकाळी तिचा फोन आला. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. मी तोंड धुतलं, केस विंचरले, अंगावरची शाल काढून ठेवली आणि उजेडाकडे पाठ करून बसलो. रोज ती आधी नात दाखवते. त्या दिवशी तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

"आवाज बसला का?" ती म्हणाली. "तुम्ही बरे हाये ना? खरं सांगा."

"ठणठणीत आहे," मी म्हणालो, आणि ती फोन ठेवेपर्यंत खोकला दाबून धरला.